दाताची कॅप : अर्धवट सोडलेल्या उपचाराचा हिशेब

व्यापारी घरांत दिवाळीच्या वहीपूजनापूर्वी जुनी येणी-देणी तपासली जातात, लोंबकळत राहिलेली खाती मार्गी लावली जातात आणि मगच नव्या वहीचे पान उघडते. दातांच्या बाबतीत मात्र हीच शिस्तप्रिय माणसे एक खाते हमखास अर्धवट ठेवतात. दाढ ठणकू लागते, रात्र जागून काढावी लागते, दुसऱ्या दिवशी दंतवैद्य गाठला जातो. दोन-तीन खेपांत रूट कॅनाल होते आणि वेदना थांबते. निरोप देताना दंतवैद्य सांगतो, ‘आता लवकर येऊन कॅप बसवून घ्या.’ परंतु वेदना संपलेली असते, लग्नसराईची गर्दी सुरू झालेली असते आणि दाढ तर दिसायला धडधाकट असते. ‘पुढच्या महिन्यात पाहू’ असे म्हणता म्हणता वर्ष निघून जाते. मग एखाद्या दिवशी भाजलेला चणा किंवा सुपारीचे खांड दाताखाली येते आणि दाढ उभी चिरते. चीर मुळापर्यंत गेली असेल, तर ती दाढ बहुधा काढावीच लागते. रूट कॅनालवर झालेला खर्च, दिलेला वेळ आणि सोसलेला त्रास, हे सारे त्या एका क्षणात बुडीत खात्यात जाते.

दंतवैद्यकात ‘क्राउन’ म्हणजे दंतमुकुट या नावाने ओळखली जाणारी वस्तू घराघरांत ‘कॅप’ म्हणून परिचित आहे. ती शोभेसाठी बसवायची असते, किंवा दंतवैद्याने बिल वाढवण्यासाठी जोडलेली असते, असा समज अनेकांच्या मनात असतो. दाढेच्या बाबतीत वस्तुस्थिती वेगळी आहे. कॅप हा उपचाराचा शेवटचा टप्पा असून, तो पूर्ण होईपर्यंत आधीचे टप्पे सुरक्षित होत नाहीत.

दात दुर्बळ का होतो?

दाताच्या बाहेरील आवरणाला एनॅमल म्हणतात. मानवी शरीरातील हा सर्वांत कठीण पदार्थ आहे. वजनाच्या सुमारे ९६ टक्के भाग खनिजांचा असतो. मात्र हे आवरण घडवणाऱ्या पेशी दात हिरडीतून वर येईपर्यंत नाहीशा होतात. मोडलेले हाड सांधते, त्वचेची जखम भरून येते, पण कीड लागून गेलेला किंवा तुटलेला एनॅमलचा भाग शरीर पुन्हा निर्माण करू शकत नाही. एनॅमलच्या खाली डेंटिन हा तुलनेने मऊ थर असतो आणि त्याच्या गाभ्यात रक्तवाहिन्या व नसा असलेली दंतमज्जा असते.

कीड मज्जेपर्यंत पोहोचली की असह्य ठणका सुरू होतो. रूट कॅनालमध्ये ही दूषित मज्जा काढून मुळांच्या नलिका स्वच्छ केल्या जातात आणि गटापर्चा नावाच्या पदार्थाने भरल्या जातात. हा पदार्थ झाडाच्या चिकापासून मिळतो. दाताच्या आतील संसर्ग यामुळे दूर होतो, पण दाताची बांधणी मात्र खिळखिळी झालेली असते. आधी किडीने काही भाग खाल्लेला असतो, नंतर नलिकांपर्यंत पोहोचण्यासाठी मध्यभागी छिद्र करावे लागते. दाढेचे चार-पाच उंचवटे मधल्या भागामुळे एकमेकांना धरून असतात. मधली तुळई काढून घेतल्यावर घराच्या भिंती जशा सुट्या उभ्या राहाव्यात, तशी या उंचवट्यांची अवस्था होते. घास चावताना पडणारा प्रत्येक दाब त्यांना बाहेरच्या बाजूस रेटत राहतो. आत नुसती भर घातली, तरी ती या भिंतींना बाहेरून बांधून ठेवू शकत नाही.

बैलगाडीच्या लाकडी चाकावर लोखंडी धाव चढवतात. धाव नसेल, तर चाकाचे जोडलेले तुकडे खडबडीत रस्त्यावर सुटे होतील. कॅप दाढेसाठी तेच काम करते. ती दाताला चहूबाजूंनी कवेत घेते आणि चावण्याचा दाब एका भिंतीवर न पडू देता संपूर्ण दातावर वाटून देते.

कॅपचे महत्त्व केवळ अनुमानावर आधारलेले नाही. अमेरिकेतील आयोवा विद्यापीठाच्या दंत महाविद्यालयातील रुग्णांच्या नोंदींवर आधारित एक अभ्यास २००२ मध्ये प्रसिद्ध झाला. रूट कॅनाल झालेल्या दातांपैकी कॅप न बसवलेले दात गमावण्याचे प्रमाण कॅप बसवलेल्या दातांच्या सहापट असल्याचे त्यात आढळले. आणखी एक बाब ध्यानात घ्यावी लागते. मज्जा काढलेल्या दाताला थंड-गरम जाणवत नाही. त्यामुळे त्यात पुन्हा कीड शिरली, तरी तो पूर्वीसारखा ठणकून इशारा देत नाही. वेदना नसणे म्हणजे दात निर्धोक असणे, हा हिशेब अशा दातापुरता तरी चुकीचा ठरतो.

याचा अर्थ प्रत्येक दाताला कॅप हवीच, असा नाही. समोरच्या दातांवर दाढेइतका दाब पडत नाही. तिथे थोडाच भाग गेला असेल, तर दाताच्या रंगाची भर पुरेशी ठरू शकते. लहानशी कीड असलेल्या, मज्जा शाबूत असलेल्या दाढेलाही साधे फिलिंग चालते. कॅपसाठी दात कोरावा लागतो आणि कोरलेला भाग परत येत नाही. म्हणून ‘कॅप का हवी?’ हा प्रश्न विचारणे हा रुग्णाचा अधिकार आहे आणि एक्स-रे दाखवून त्याचे उत्तर देणे हे दंतवैद्याचे काम आहे.

सराफकट्ट्याशी जुने नाते

दातांच्या दुरुस्तीचा इतिहास धातुकामाशी जवळून जोडलेला आहे. प्राचीन इटलीतील एट्रुस्कन लोक अडीच हजार वर्षांपूर्वी सोन्याच्या पट्ट्यांनी दात बांधून ठेवत असत. १९०७ मध्ये शिकागोचे दंतवैद्य विल्यम टॅगर्ट यांनी मेणाचा साचा वापरून सोन्याचे दंतकाम ओतण्याची पद्धत प्रचारात आणली. मेणाची हुबेहूब प्रतिकृती करायची, तिच्याभोवती साच्याचे मिश्रण भरायचे, मेण वितळवून बाहेर काढायचे आणि त्या पोकळीत सोने ओतायचे, ही रीत दागिने आणि धातूच्या मूर्ती घडवणाऱ्यांना शतकानुशतके ठाऊक होती. दंतवैद्यकाने ती सूक्ष्म मापात आणली. त्याच सुमारास डेट्रॉइटचे चार्ल्स लँड यांनी प्लॅटिनमच्या पातळ पत्र्यावर पोर्सेलीन भाजून दाताच्या रंगाची कॅप तयार केली. पुढे १९६० च्या दशकात आतून धातू आणि वरून पोर्सेलीन असलेली कॅप रूढ झाली.

आज सर्वाधिक चर्चेत असलेला झिर्कोनिया हा पदार्थ तर जवाहिऱ्यांच्या परिचयाचा आहे. बाजारात ‘अमेरिकन डायमंड’ या नावाने विकला जाणारा खडा झिर्कोनियाचाच स्फटिक असतो. दातांसाठी वापरला जाणारा झिर्कोनिया मात्र पारदर्शक स्फटिक नसून अतिसूक्ष्म कणांचा घट्ट भाजलेला पांढरा पदार्थ असतो. प्रयोगशाळेत खडूसारख्या मऊ ठोकळ्यातून संगणकाच्या साहाय्याने कॅप कोरली जाते. ती मुद्दामच मोठ्या आकाराची कोरतात, कारण पुढे सुमारे १४५० ते १५०० अंश सेल्सिअस तापमानाच्या भट्टीत ती सुमारे वीस टक्के आकसते आणि अत्यंत कठीण बनते.

उपचार कसा होतो?

पहिल्या भेटीत एक्स-रे पाहून दाताचे मूळ आणि भोवतालचे हाड निरोगी असल्याची खात्री केली जाते. मग तुटलेला भाग भरून दाताचा गाभा उभा करतात. चांगल्या कॅपसाठी हिरडीच्या वर सर्व बाजूंनी निदान दीड ते दोन मिलिमीटर उंचीची मूळ दाताची निरोगी कडा शिल्लक असावी लागते. कॅपची पकड या कडेवर अवलंबून असते. ती कडा उरली नसेल, तर कितीही महागडी कॅप घेतली, तरी पाया कच्चाच राहतो. अशा वेळी हिरडीची छोटी शस्त्रक्रिया करून कडा मोकळी करता येईल का, की दात काढणेच योग्य, याची स्पष्ट चर्चा आधीच व्हावी.

त्यानंतर दात चारही बाजूंनी आणि वरून कोरला जातो. वरच्या पृष्ठभागावर साधारण दीड ते दोन मिलिमीटर जागा करावी लागते. केवळ धातूच्या कॅपला याहून कमी जागा पुरते. मग माप घेतले जाते. काही ठिकाणी लगद्यासारखे मिश्रण साच्यात भरून ते दातांवर दाबतात, तर काही ठिकाणी तोंडात छोटा कॅमेरा फिरवून संगणकावर दातांची प्रतिमा घेतात. कॅप तयार होऊन येईपर्यंत तात्पुरती कॅप बसवतात. तिच्याखालचा दात उघडा पडू नये, म्हणून चिकट मिठाई आणि कडक पदार्थ त्या बाजूने चावू नयेत.

शेवटच्या भेटीत घाई करू नये. कॅपची कडा दाताला सर्वत्र नीट बसली आहे का, शेजारच्या दातांशी तिचा स्पर्श योग्य आहे का आणि दात मिटल्यावर ती उंच लागते का, हे तपासूनच ती सिमेंटने पक्की करतात. उंची तपासण्यासाठी रंगीत कागद चावायला देतात. त्या वेळी ‘ठीक आहे’ असे भिडेखातर म्हणणारे रुग्ण पुढे आठवडाभर दुखणे सोसतात. किंचितही टोचत असेल किंवा तो दात आधी टेकत असेल, तर तिथल्या तिथे सांगावे. उंच भाग घासून देणे हे दोन मिनिटांचे काम असते.

कोणती कॅप निवडावी?

केवळ धातूची कॅप मजबूत असते, तिच्यासाठी दात कमी कोरावा लागतो आणि खर्चही बेताचा असतो. ती दिसायला मात्र धातूसारखी दिसते. मागच्या दाढेसाठी ती आजही समंजस निवड आहे. या धातूमिश्रणात पुष्कळदा निकेल असते. कानातल्या खोट्या दागिन्यांनी ज्यांना खाज सुटते, त्यांनी निकेलची ॲलर्जी असण्याची शक्यता दंतवैद्याला आधीच सांगावी.

धातूवर पोर्सेलीन चढवलेली कॅप दिसायला बरी आणि टिकाऊ असते. परंतु तिचे पोर्सेलीन क्वचित टवका उडून निघते आणि हिरडी मागे सरली, तर कडेला करडी रेघ दिसू लागते. झिर्कोनिया दाढांसाठी पुरेसा मजबूत असून त्यात धातूची रेघ दिसत नाही. समोरच्या दातांसाठी लिथियम डायसिलिकेट नावाच्या सिरॅमिकची कॅप नैसर्गिक चमकेच्या दृष्टीने अधिक सरस मानली जाते. रात्री झोपेत दात खाण्याची सवय असेल, तर पदार्थाची निवड त्यानुसार करावी आणि रात्री घालण्याचे संरक्षक कवच बनवून घ्यावे.

तप, नियम आणि उपचाराचे वेळापत्रक

जैन कुटुंबांत चावण्याच्या शक्तीचे मोल केवळ स्वादापुरते नसते. चैत्र आणि आश्विनातील नवपद ओळीत नऊ दिवस आयंबील करणाऱ्यांचा आहार दूध, दही, तूप, तेल व साखर वर्ज्य केलेला, रुक्ष असतो. तो दिवसातून एकदाच, एका आसनावर बसून घ्यायचा असतो. एकासन करणाऱ्यांचीही बैठक एकच. ज्यांच्या एका बाजूच्या दाढा गेल्या आहेत, त्यांना त्या एका बैठकीत पुरेसे अन्न नीट चावून पोटात घालणे कठीण जाते. घरातील वडीलधारी मंडळी याविषयी तक्रार करीत नाहीत. ती फक्त कमी जेवतात, किंवा ‘या वर्षी ओळी झेपणार नाही’ असे सांगून मोकळी होतात. त्यांच्या निर्णयामागे वय आहे की दाढ, हे घरच्यांनी एकदा विचारून पाहिले पाहिजे.

चौविहार पाळणाऱ्यांनी भेटीची वेळ सकाळची घ्यावी. भूल दिल्यानंतर ओठ, गाल आणि जीभ काही तास बधिर राहतात. त्या अवस्थेत खाल्ले, तर गाल चावला जाण्याचा किंवा गरम पाण्याने पोळण्याचा धोका असतो. हिवाळ्यात महाराष्ट्रात सूर्यास्त सहाच्या सुमारास होतो. दुपारी चारला भूल घेतलेल्या माणसाला मग पच्चक्खाणापूर्वी जेवता येत नाही आणि वेदनाशामक गोळी रिकाम्या पोटी घेण्याची वेळ येते. सूर्यास्तानंतर औषध घ्यायचे नसेल, तर तसे दंतवैद्याला आधीच सांगावे. औषधांच्या वेळा कशा बसवता येतील, हे तोच ठरवू शकतो. प्रतिजैविकाचा एखादा डोस स्वतःच्या मनाने गाळणे योग्य नाही. मोठ्या तपाचा संकल्प असेल, तर पर्युषण किंवा दशलक्षण पर्वाच्या पुरेसे आधी काम संपवावे. मधुमेहींनी तर उपवासाच्या दिवशी दंतोपचार ठेवूच नयेत.

औषधांच्या कॅप्सूलचे कवच पुष्कळदा प्राणिज जिलेटिनचे असते. गोळी किंवा शाकाहारी कवच मिळू शकेल का, असे विचारण्यात संकोच नसावा. धातू आणि सिरॅमिकची कॅप या दृष्टीने निर्दोष असते. दाढ काढून तिथे इम्प्लांट बसवण्याची वेळ आली आणि जबड्याचे हाड कमी पडले, तर मात्र प्रश्न गुंतागुंतीचा होतो. त्यासाठी वापरली जाणारी हाडाची भुकटी अनेकदा गाईबैलांच्या हाडांपासून तयार केलेली असते. कृत्रिम पर्याय आहेत, पण ते आवर्जून मागावे लागतात. वेळेवर बसवलेली कॅप दाढ वाचवते आणि अहिंसेच्या व्रताला अशा पेचातूनही वाचवते.

दात घासण्याविषयीही थोडी स्पष्टता हवी. दिगंबर मुनींच्या २८ मूलगुणांत अदंतधावनाचा समावेश आहे. सर्वसंगपरित्याग करून दिवसातून एकदाच आहार घेणाऱ्या साधूंचा तो आचार आहे. पेढीवर बसून प्रत्येक ग्राहकासोबत गोड चहा घेणाऱ्या गृहस्थाला त्याचा आधार घेता येणार नाही. किडीच्या दृष्टीने साखरेच्या एकूण प्रमाणाइतकेच, किंबहुना अधिक महत्त्व ती दिवसात किती वेळा तोंडात जाते याला असते. प्रत्येक गोड घोटानंतर जिवाणू आम्ल तयार करतात आणि लाळेला ते निवळण्यास वेळ लागतो. सहा वेळा अर्धा कप चहा घेणारा माणूस दातांना सहा वेळा आम्लात बुडवतो. चौविहाराला याबाबतीत एक मोठी अनुकूलता आहे. रात्री लाळ कमी स्रवते आणि दातांवर राहिलेले अन्न त्या वेळी अधिक अपाय करते. सूर्यास्तापूर्वीच्या भोजनानंतर, पच्चक्खाण घेण्याआधी दात नीट घासले, तर पुढचे दहा-बारा तास तोंडात काही जात नाही. हा नियम दातांसाठीही हितकर ठरतो, मात्र मध्ये घासण्याची पायरी चुकता कामा नये.

खर्च, गॅरंटी आणि पावती

कॅपचा दर शहर, पदार्थ आणि प्रयोगशाळा यांनुसार बदलतो. म्हणून उपचार सुरू होण्यापूर्वीच रूट कॅनाल, गाभ्याची बांधणी आणि कॅप या तिन्हींचा एकत्रित लेखी अंदाज घ्यावा. रूट कॅनालचा आकडा ऐकून होकार द्यायचा आणि कॅपचा आकडा नंतर ऐकून दचकायचे, यातूनच पुष्कळ उपचार अर्धवट राहतात. आरोग्य विम्याच्या बहुतेक पॉलिसी नेहमीच्या दंतोपचारांचा खर्च देत नाहीत. अपघातामुळे झालेल्या इजेचा अपवाद त्यांत सहसा असतो. तेव्हा ही तरतूद घरखर्चातूनच करावी लागते.

झिर्कोनियाच्या कॅपसोबत अनेकदा काही वर्षांचे गॅरंटी कार्ड मिळते. ते जपून ठेवावे, पण त्याचा अर्थ नीट समजून घ्यावा. गॅरंटी कॅप या वस्तूची असते, आतल्या दाताची नव्हे. कॅप तुटली, तर नवी मिळेल, पण कॅपखालच्या दाताला कीड लागली, तर कोणतेही कार्ड तो दात परत देणार नाही. आणि कॅप निकामी होण्याच्या प्रमुख कारणांपैकी एक हेच आहे. कॅपला कीड लागत नाही. तिची कडा जिथे संपते आणि मूळ दात सुरू होतो, त्या हिरडीलगतच्या रेषेवर अन्न साचते आणि तिथून कीड आत शिरते.

त्यामुळे देखभालीचा सारा भर या रेषेवर हवा. मऊ ब्रशने हिरडीलगत हळुवार घासावे आणि दोन दातांमधील फट दोऱ्याने किंवा बारीक ब्रशने रोज साफ करावी. सुपारी फोडणे, खडीसाखर कडकडा चावणे, पार्सलची दोरी दातांनी तोडणे या सवयी सोडाव्यात. मधुमेह असेल, तर साखर आटोक्यात ठेवावी, कारण अनियंत्रित मधुमेहात हिरड्यांचे आजार बळावतात आणि हिरड्यांच्या आजारामुळे साखर नियंत्रणात ठेवणे अवघड होते. वर्षातून एकदा-दोनदा तपासणी करून घेतली, तर अनेक कॅप दहा-पंधरा वर्षे आणि त्याहूनही अधिक काळ टिकतात.

घरातील सर्वांच्या दातांची नोंद ठेवण्यासाठी वहीचे एक पान पुरेसे आहे. कोणाच्या कोणत्या दाताचे रूट कॅनाल कधी झाले, कॅप कधी बसली, ती कोणत्या पदार्थाची आहे आणि पुढची तपासणी केव्हा आहे, एवढे चार रकाने आखावेत. रूट कॅनालची तारीख भरलेली आणि कॅपचा रकाना कोरा दिसला, तर दंतवैद्याला फोन करून ती दाढ त्याच आठवड्यात दाखवून यावी.